चेहऱ्यावरची लाली आणि रोझेशिया: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मी नागपुरात त्वचारोगांची प्रॅक्टिस करते. होळी झाली की फोनवर चेहऱ्यांचे फोटो यायला लागतात. गाल लाल, नाक लाल, खाली एकच ओळ: "डॉक्टर, ऊन लागलं वाटते." काहींना खरंच ऊन लागलेलं असतं. पण बऱ्याच जणांची लाली दिवाळीतही तशीच असते, आणि तोवर त्यांनी तीन-चार ट्यूब संपवलेल्या असतात. त्यांच्याकडून वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाई असेल तर निदान प्रश्न ६ तरी वाचा.

१. रोझेशिया म्हणजे नेमकं काय? मराठीत याला काय म्हणतात?

मराठीत याला रूढ नाव नाही. नाव नसलं की घरोघरी "उष्णता झाली", "पित्त उठलं", "रक्त खराब झालं" असं काहीतरी ठरतं आणि उपचारही त्याच दिशेने जातात.

रोझेशिया हा चेहऱ्याच्या मधल्या भागाचा, म्हणजे गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाचा, दीर्घकाळ चालणारा दाह आहे. सुरुवातीला चेहरा एकदम तापतो, लाल होतो आणि थोड्या वेळाने निवतो. काही महिन्यांनी लाली उतरेनाशी होते. काहींना बारीक लाल फोड येतात, काहींच्या गालावर केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या दिसतात. काहींचे डोळे चुरचुरतात (प्रश्न १४), थोड्या जणांचं नाक जाड होतं (प्रश्न १५). बहुतेकांना हा त्रास तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो. बायकांमध्ये जास्त दिसतो, पण नाक जाड होण्याचा प्रकार पुरुषांत जास्त.

२००२ साली या आजाराचे चार ठरीव प्रकार पाडले गेले होते. २०१७ पासून मात्र प्रत्येकाला कोणती लक्षणं आहेत ते पाहून त्या-त्या लक्षणावर उपचार करायची पद्धत आली. एकाच माणसात लाली, फोड आणि डोळ्यांचा त्रास एकत्र असू शकतो, म्हणून मला ही पद्धत जास्त पटते.

२. हा गोऱ्या लोकांचा आजार ना? मी सावळी आहे, मला कसा होईल?

होतो. गोऱ्या कातडीवर तो लगेच दिसतो, आपल्या रंगावर लपतो, एवढाच फरक. सावळ्या चेहऱ्यावर लाली तांबूस, जांभळट किंवा नुसती मळकट तपकिरी दिसते. मग डॉक्टरसुद्धा कधीकधी "वांग आहे" म्हणून मोकळे होतात.

म्हणून मी रंगापेक्षा जाणीव विचारते. चेहरा गरम होतो का? चटका लागल्यासारखा वाटतो का? पूर्वी चालणारा साबण आता झोंबतो का? घरी करून पाहायचं असेल तर स्वच्छ काचेचा पेला गालावर हलका दाबा. काचेखालचा रंग फिका पडून पेला काढल्यावर परत आला, तर ती रक्तवाहिन्यांची लाली आहे. वांगाचा तपकिरी रंग असा पुसला जात नाही. फोटो काढाल तर खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फिल्टर न लावता काढा.

३. मुरूम आहेत, वांग आहे, कोंडा आहे की रोझेशिया? कसं ओळखायचं?

मुरमांमध्ये काळे-पांढरे ठिपके असतात, म्हणजे छिद्रात अडकलेला तेलकट मळ. रोझेशियात फोड असले तरी ते ठिपके नसतात. वांग तपकिरी असतो आणि त्यात आग होत नाही. कोंड्याच्या प्रकारात नाकाच्या बाजूच्या घड्या, भुवया आणि डोकं इथे तेलकट पापुद्रे निघतात. कोंडा आणि रोझेशिया एकाच चेहऱ्यावर एकत्रही असतात.

दोन आजारांबद्दल मात्र मी आग्रहाने सांगते, कारण ते सुटले तर नुकसान मोठं आहे.

पहिला लुपस, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार. त्यातही दोन्ही गालांवर आणि नाकावर लाल चट्टा येतो, पण नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी बहुधा कोरी राहते. सोबत सांधे दुखणं, केस गळणं, तोंडात व्रण, बारीक ताप, फार थकवा असेल तर रक्ततपासणी हवीच.

दुसरा कुष्ठरोग. विदर्भात तो अजून आहे आणि चेहऱ्यावरही येतो. फिकट किंवा तांबूस चट्टा आणि त्या जागी स्पर्श कमी जाणवणं ही त्याची खूण. रोझेशियाची कातडी उलट जास्तच हुळहुळी असते. चट्ट्यावर कापसाचा बोळा फिरवून पाहा. बधीर वाटलं, किंवा कानाची पाळी जाड झाली असेल, तर लाजू नका, थांबू नका. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन सुरू केलं तेव्हाचा काळ वेगळा होता. आज वेळेवर औषध सुरू झालं तर हाता-पायांना काही होत नाही.

४. हा होतो कशामुळे? रक्त खराब असतं का?

रक्ताचा काही दोष नाही. रक्तशुद्धीच्या काढ्यांवर पैसे घालवू नका.

यात तीन-चार गोष्टी एकत्र येतात. घरात आई-वडिलांना असेल तर शक्यता वाढते. चेहऱ्याच्या त्वचेतली संरक्षण यंत्रणा गरजेपेक्षा जास्त जोरात चालते. जंतूंशी लढणारं कॅथेलिसिडिन नावाचं प्रथिन जास्त प्रमाणात आणि बिघडलेल्या रूपात तयार होतं, त्यातून दाह होतो. त्वचेच्या मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. ते रोझेशियात फार हळवे होतात. मिरचीतला तिखटपणा देणारा घटकही त्याच ग्राहकाला चेतवतो, म्हणून ऊन आणि तिखट दोन्हींनी चेहरा सारखाच पेटतो. शिवाय प्रत्येकाच्या चेहऱ्यावर राहणारे डेमोडेक्स नावाचे अतिसूक्ष्म किडे रोझेशियाच्या रुग्णांत जास्त संख्येने सापडतात. हे ऐकून चेहरा घासून काढू नका. घासल्याने किडे जात नाहीत, कातडी मात्र सोलून निघते.

५. घरातल्या दुसऱ्याला लागतो का?

नाही. टॉवेल, उशी, ताट वेगळं करायची गरज नाही. लहान बाळाचा पापा घ्यायलाही हरकत नाही.

६. मेडिकल स्टोअरमधून आणलेली क्रीम लावली की दोन दिवसांत चेहरा साफ होतो. मग तीच लावत राहिलं तर काय बिघडतं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त त्रासही यानेच होतो.

या क्रीममध्ये बहुधा स्टिरॉइड असतं. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे लाली दोन दिवसांत उतरते, खाज जाते, रंगही थोडा उजळतो. वाटतं, औषध सापडलं. आत मात्र कातडी पातळ होत जाते, रक्तवाहिन्या कायमच्या फुगतात, चेहऱ्यावरचे अतिसूक्ष्म किडे (प्रश्न ४) वाढतात. थोड्या आठवड्यांनी क्रीम एक दिवस चुकली की चेहरा पहिल्यापेक्षा जास्त लाल होतो. मग परत क्रीम. असं दोन-तीन वर्षं चालतं. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मुलींना मुळात रोझेशिया नव्हताच. गोरं व्हायला म्हणून क्रीम सुरू केली आणि क्रीमनेच रोझेशियासारखा चेहरा झाला. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या नुकसानीला "स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा" असं स्वतंत्र नावच दिलं आहे, इतकं ते आपल्याकडे पसरलेलं आहे.

घरातल्या ट्यूबवरची बारीक अक्षरं आज वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. त्यासोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन असेल तर ती वांगासाठीची तिहेरी क्रीम. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली थोडे आठवडे वापरायची असते. महिनोन् महिने पावडरीसारखी रोज लावायची नसते. बुरशीवरच्या मिश्र क्रीममध्येही स्टिरॉइड लपलेलं असतं. आणि ज्या डबीवर घटकच लिहिलेले नाहीत, ती चेहऱ्याला लावूच नका.

२०१८ साली सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या शेड्यूल एच यादीत आणली. तरीही मैत्रीण सांगते, वहिनी देते, आणि ट्यूब घरात येते. मी कुणाला दोष देत नाही. लग्नाच्या वयाच्या मुलीला रोज रंगावरून बोलणी बसत असतील तर ती काय करेल? पण ताई, तुमचा रंग हा आजार नाही. आजार त्या ट्यूबमधून येतो आहे.

७. तुमचं ऐकून क्रीम बंद केली, आता चेहरा भयंकर भडकला आहे. परत सुरू करू का?

करू नका. बंद केल्यावर पहिले एक-दोन आठवडे सगळ्यात वाईट असतात: लाली, सूज, फोड, आग, कधी पापुद्रे. तुम्ही काही चुकलात म्हणून हे होत नाही, स्टिरॉइड उतरताना असंच होतं. त्यानंतर हळूहळू निवतं, पण पूर्ण सावरायला काही महिने लागतात.

वर्षानुवर्षं जोरदार स्टिरॉइड लावलं असेल तर ते एकट्याने सोडू नका. मी काहींना सौम्य क्रीमवर आणून उतरवते, सोबत टॅक्रोलिमससारखं स्टिरॉइड नसलेलं मलम किंवा तोंडाने डॉक्सिसायक्लिन देते. घरी थंड पाण्याच्या घड्या, साधं वास नसलेलं मॉइश्चरायझर, आणि बाकी सगळं बंद. हे फक्त चेहऱ्याच्या मलमांबद्दल आहे. दमा किंवा संधिवातासाठीच्या स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा पंप स्वतःहून बंद करणं धोक्याचं आहे.

८. कायमचा बरा होतो का?

ताब्यात राहतो, मुळासकट जात नाही. ब्लडप्रेशरसारखं समजा. नीट उपचार झाले तर महिनोन् महिने कुणाला कळतही नाही. "एका कोर्समध्ये मुळापासून" असं कुणी सांगत असेल तर तिथे पैसे भरू नका.

९. मग खरी औषधं कोणती, आणि फरक किती दिवसांत पडतो?

फोडांसाठी लावायची तीन औषधं आहेत: मेट्रोनिडाझोल जेल, १५ टक्के ॲझेलिक ॲसिड आणि १ टक्का आयव्हरमेक्टिन क्रीम. आयव्हरमेक्टिन बहुतेकांना झोंबत नाही, म्हणून नाजूक चेहऱ्याला मी ते आधी देते. ॲझेलिक ॲसिड सुरुवातीला चुरचुरतं, पण फोड गेल्यावर उरणारे काळे डागही कमी करतं, आणि आपल्या रंगाला त्याचा मोठा उपयोग.

फोड जास्त असतील तर डॉक्सिसायक्लिन. रोझेशियासाठी ते ४० मिलिग्रॅमच्या कमी मात्रेतही चालतं. त्या मात्रेत ते जंतू मारायला नाही, दाह शमवायला दिलेलं असतं. गोळी पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. दूध, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीसोबत घेऊ नका, औषध अंगी लागत नाही. या गोळीने ऊन जास्त बाधतं, तेव्हा एप्रिल-मे मध्ये दुपटीने जपा. कशानेच दाद मिळाली नाही तर कमी मात्रेत आयसोट्रेटिनोइन देतो, पण ते डॉक्सिसायक्लिनसोबत कधीच नाही, आणि प्रश्न १७ वाचल्याशिवाय नाही.

नुसत्या लालीसाठी ब्रिमोनिडिन जेल आहे. ते अर्ध्या-एक तासात रक्तवाहिन्या आकसवतं आणि काही तास चेहरा शांत ठेवतं. काहींना उतरताना लाली उसळून येते, म्हणून मुलाच्या लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा लावू नका. आधी सुट्टीच्या दिवशी घरी पाहा.

धीर मात्र लागतो. लावायच्या औषधांना ८ ते १२ आठवडे द्या. पंधरा दिवसांत "गुण नाही" म्हणून सोडलेली औषधंच माझ्या रुग्णांच्या कपाटात जास्त पडलेली असतात.

१०. डॉक्टर, घरात बसून असते तरी चेहरा काहून तापते?

कारण त्रास फक्त उन्हाचा नाही, उष्णतेचा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. भिंती, छत, स्कूटरची सीट, सगळंच झळ देतं. त्यात गॅसजवळ उभं राहून पोळ्या केल्या तर चेहऱ्याला बाहेरच्या दुपारइतकाच ताप होतो.

पोळ्या सकाळी लवकर उरकता आल्या तर पाहा, आणि घरातल्या दुसऱ्याने आठवड्यातून चार दिवस तवा सांभाळला तर ते औषधाइतकंच उपयोगी आहे. हे मी नवऱ्यांसमोर मुद्दाम सांगते. कूलर चांगलाच, फक्त त्याचा झोत थेट तोंडावर घेऊ नका. उन्हातून आल्यावर बर्फ चोळू नका. आधी पंख्याखाली बसा, मग साध्या पाण्याची घडी ठेवा. तोंडात बर्फाचा खडा धरला तर भडका लवकर उतरतो, ही युक्ती पुष्कळांना लागू पडते.

स्कूटरवर तोंडाला स्कार्फ बांधता ते योग्य आहे. तो सुती, फिकट रंगाचा, थोडा सैल आणि रोज धुतलेला असावा. कृत्रिम धाग्याचा घट्ट बांधलेला स्कार्फ आत घाम आणि वाफ कोंडून ठेवतो.

हिवाळाही सोपा नाही. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी थंडी आणि शेकोटी दोन्ही चेहऱ्याला नको असतात.

११. सनस्क्रीन लावलं की आग होते. मग न लावलेलंच बरं?

नाही, सनस्क्रीन बदला. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं, वास नसलेलं, एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं घ्या. ते आपल्या चेहऱ्यावर पांढरट दिसतं, म्हणून त्वचेच्या रंगाची छटा असलेलं निवडा, लालीही थोडी झाकली जाते. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं लागतं. आधी मॉइश्चरायझर, पाच मिनिटांनी सनस्क्रीन. आठवडाभर कानाखाली लावून पाहा, मग चेहऱ्यावर.

१२. सावजी, तर्री-पोहे, चहा, सगळं सोडायचं का?

सरसकट काहीच सोडू नका. प्रत्येकाचं निमित्त वेगळं असतं. एक महिना वही ठेवा: काय खाल्लं, कुठे होतो, चेहरा कधी तापला. बहुतेकांना दोन-तीन गोष्टी सापडतात, बाकी पदार्थ निर्दोष सुटतात.

सावजी रस्सा मात्र बहुतेकांच्या वहीत सापडतोच. तिखट, गरम आणि गरम मसाला तिन्ही एकत्र असतात. दालचिनीचाही काहींना त्रास होतो. खायचाच तर थोडा निवू द्या, तर्री बाजूला काढा. कडक उन्हात कस्तुरचंद पार्काजवळ उभं राहून तर्री-पोहे खाणं म्हणजे ऊन आणि तिखट एकदम. तेच पोहे सकाळी सावलीत चालून जातील.

चहा-कॉफीचा त्रास बहुधा त्यांच्या गरमपणाचा असतो. अमेरिकेत परिचारिकांच्या मोठ्या गटावर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅफिनवाली कॉफी जास्त पिणाऱ्यांमध्ये रोझेशिया कमी आढळला. म्हणून "चहा बंद" असं मी सांगत नाही, कोमट करून प्या. दारूने मात्र पुष्कळांचा चेहरा पेटतो. संत्री खा. वहीत वारंवार आली तरच कमी करा.

१३. संत्र्याच्या सालीची पावडर, बेसन-हळद, लिंबू, ब्लीच, फेशियल यातलं काय चालतं?

संत्री आपल्या गावची, त्यामुळे सालीची पावडर इथे घरोघरी. पण ती खरखरीत असते, आणि सालीतलं तेल हुळहुळ्या त्वचेला चटका देतं. लिंबू लावून उन्हात गेलात तर काळे डाग किंवा फोड येऊ शकतात. बेसन चोळताना घासलं जातं. ब्लीच, स्क्रब, वाफ, पील हे सगळं रोझेशियात बंद. पार्लरमध्ये वाफ घेऊन रात्री भडकलेला चेहरा मी दर लग्नसराईत पाहते.

चेहरा दिवसातून दोनदा साबणविरहित क्लीन्झरने, साध्या पाण्याने धुवा आणि टिपून कोरडा करा. धुळवडीला बाहेर जायचंच असेल तर आधी मॉइश्चरायझरचा जाड थर द्या, नंतर रंग घासून काढू नका.

१४. डोळ्यांत खडे गेल्यासारखं वाटतं. त्याचा संबंध आहे का?

आहे, आणि तो बहुतेक वेळा सुटतो. डोळे कोरडे, लाल, पापण्यांच्या कडा सुजलेल्या, वारंवार रांजणवाडी, असं असेल तर रोझेशिया डोळ्यांपर्यंत गेला असू शकतो. काहींना चेहऱ्याच्या आधी डोळ्यांतच सुरू होतो. कोमट पाण्याची घडी पाच-दहा मिनिटं मिटलेल्या पापण्यांवर ठेवून कडा हलक्या हाताने पुसा. चेहऱ्याला गार आणि पापण्यांना कोमट, हे उलटं वाटलं तरी बरोबर आहे. पापण्यांच्या ग्रंथींतलं घट्ट झालेलं तेल कोमट घडीने पातळ होतं.

डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा धूसर दिसत असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. बुबुळाला इजा होऊ शकते.

१५. नाक लाल आणि जाड झालं आहे. मी दारूला शिवत नाही, तरी लोक बेवडा समजतात.

एका काकांनी मला हे सांगताना मान खाली घातली होती. नाक असं जाड होणं हा रोझेशियाचाच भाग आहे. नाकातल्या तेलग्रंथी आणि ऊती वाढतात. थेंबभर दारू न पिणाऱ्यालाही हे होतं. सुरुवातीला औषधांनी वाढ थोपवता येते. नाक आधीच बेढब झालं असेल तर जादाची कातडी लेझरने किंवा शस्त्रक्रियेने तासून आकार देता येतो, आणि निकाल चांगला येतो. घरच्यांनीही हे उत्तर वाचावं.

१६. लेझर करावं का?

गालावरच्या दिसणाऱ्या रक्तवाहिन्या कुठल्याही क्रीमने जात नाहीत, तिथे लेझर उपयोगी आहे. पण आपल्या रंगाच्या त्वचेत लेझरची शक्ती रंगद्रव्यही शोषून घेतं, आणि चुकलं तर भाजून काळे डाग पडतात. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग नावाचा लेझर सावळ्या त्वचेला तुलनेने सुरक्षित. आयपीएलबाबत (लेझरऐवजी तीव्र प्रकाशाचे झोत वापरणारा उपचार) मी फार सावध असते. आधी लहान जागेवर चाचणी मागा. आणि मार्च ते जूनमध्ये सुरू करू नका, नोव्हेंबरपर्यंत थांबा. बैठका अनेक लागतात, काही वर्षांनी पुन्हाही कराव्या लागतात.

१७. दिवस गेले आहेत किंवा बाळ हवं आहे. कोणती औषधं बंद करू?

आयसोट्रेटिनोइन सगळ्यात धोक्याचं. त्याने गर्भात गंभीर व्यंग येतं. ते चालू असताना आणि बंद केल्यावर निदान एक महिना दिवस राहू देऊ नका. डॉक्सिसायक्लिनही गरोदरपणात नको. ॲझेलिक ॲसिड सुरक्षित मानलं जातं. दिवस गेल्याचं पहिल्याच भेटीत सांगा, चुकून गोळी घेतली असेल तर तेही सांगा. कुणी रागावणार नाही.

१८. लाली येते-जाते, फोड नाहीत. दुसरं काही असू शकतं का?

असू शकतं. पाळी जाण्याच्या वयात छातीपासून वर गरम लाट येते, घाम फुटतो. रोझेशियात बहुधा घाम नसतो. ब्लडप्रेशरच्या अ‍ॅम्लोडिपिन, निफेडिपिनसारख्या गोळ्या, हृदयासाठीची नायट्रेट्स आणि नायसिन यांनीही चेहरा तापतो. गोळी स्वतः बंद न करता लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. लालीसोबत वारंवार जुलाब, धाप किंवा छातीत धडधड असेल तर फिजिशियनकडून तपासणी करून घ्या. आणि चेहऱ्याची एकच बाजू एकदम लाल, गरम, दुखरी झाली आणि ताप आला तर तो जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी दाखवा.

१९. नागपुरात कमी खर्चात कुठे दाखवायचं? सोबत काय न्यायचं?

मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधलं एम्स, तिन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभागाची ओपीडी आहे. गर्दी असते, सकाळी लवकर जा.

आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून आणा, रिकाम्याही. त्या लपवू नका, निम्मं निदान मला त्या पिशवीतच मिळतं. चेहरा भडकलेला असताना काढलेला फोटो, चालू असलेल्या गोळ्यांची यादी आणि प्रश्न १२ मधली वही सोबत ठेवा. त्या दिवशी चेहऱ्याला काहीही लावून येऊ नका.